बासचं सामान आणि आपल्या तलावातली मरळ: आधी गाठ, मग लाईन, मग रॉड

इंदूरात बसून बास या अमेरिकन शिकारी माशाच्या फिशिंगचे व्हिडिओ बघणारे बरेच जण आहेत, आणि दर महिन्याला कोणी ना कोणी विचारतंच की दादा, ते अमेरिकावाले वापरतात तसा रॉड घेऊ का, बेटकास्टर रील घेऊ का, कुठल्या कंपनीचा घेऊ, आणि मग सगळं सामान घरी आल्यावर, बॉक्स उघडल्यावर, शेवटचा प्रश्न येतो की याला गाठ कशी मारायची. मी म्हणतो हे उलटं करा. गाठ आधी शिका, मग लाईन ठरवा, रॉड सगळ्यात शेवटी.

असं का म्हणतो ते सांगतो. मागे एका फेब्रुवारीत इंदूरजवळच्या चोरलच्या बाजूच्या एका गावतलावावर सकाळी सकाळी रबरी फ्रॉग, म्हणजे बेडकासारखं खोटं आमिष, टाकत होतो, कडेच्या बेशरमच्या झुडपांपासून हातभर लांब तो जलकुंभीवरून मोकळ्या पाण्यात उतरला आणि धाप्पकन पाणी फुटलं. रॉड वाकला, दोन-तीन सेकंद वजन लागलं आणि मग एकदम हलकं. लाईन गुंडाळून टोक बघितलं तर ते छान कुरळं होतं, डुकराच्या शेपटीसारखं. लाईन तुटलेली नव्हतीच, गाठ सरकून सुटली होती. घाईत, कोरडीच ओढून बसवलेली गाठ. मासा गेला याचं मला फार वाटलं नाही पण त्या मरळीच्या तोंडात दोन हुकांचा फ्रॉग राहिला ना, ते अजून टोचतं. त्या दिवसापासून मी मासा सुटला की आधी टोक बघतो, तुम्हीही ही सवय लावून घ्या. टोक कुरळं असेल तर गाठ सुटली, खरबरीत आणि पांढरट पडलेलं असेल तर लाईन दगडावर, लाकडावर किंवा दातावर घासली, आणि ऐन गाठीच्या वरच तुटलं असेल तर बहुतेक गाठ आवळताना लाईन जळली किंवा स्वतःवरच चढून दबली होती. तीन वेगळे आजार आहेत, औषधंही वेगळी.

आता बासचं. लार्जमाउथ बास हा उत्तर अमेरिकेचा मासा, आपल्या माळव्यातल्या तलावात तो सापडणार नाही. त्याचं वेड किती आहे बघा, जॉर्ज पेरी नावाच्या माणसाने १९३२ साली जॉर्जियात २२ पौंड ४ औंसाचा, म्हणजे दहा किलोच्या जरा वर, बास पकडला आणि तो विक्रम तब्बल ७७ वर्षं टिकला, २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मनाबू कुरीताने त्याची बरोबरी केली तेव्हा कुठे दुसरं नाव आलं. माझा चुलतभाऊ डॅलसला असतो, त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा त्याने लायसन्स काढून दिलं आणि तीन शनिवार मला तळ्यावर नेलं, तिथे मी हे सगळं शिकलो. आणि परत आल्यावर कळलं की जवळजवळ तेच सामान आपल्या मरळीला चालतं. बास काय करतो तर झाडाच्या बुंध्याआड, वेलींखाली, सावलीत दबा धरून बसतो आणि समोरून काही गेलं की झडप घालतो. मरळ हेच करते. इथले लोक तिला सौर म्हणतात, सांवल म्हणतात, तलावागणिक नाव बदलतं.

फरक तीन आहेत आणि तिन्ही महत्त्वाचे. बासला धारदार दात नसतात, खरखरीत पॉलिश पेपरसारखं तोंड असतं, म्हणून ते लोक अंगठा तोंडात घालून मासा उचलतात. मरळीच्या तोंडात हे चुकूनही करू नका, दात आहेत आणि ती चावते. दुसरं, मरळीचा जबडा हाडाचा आणि कडक, हुक घुसायला जोर लागतो. तिसरं, ती हवेतून श्वास घेते, दर थोड्या वेळाने वर येऊन हवेचा घोट घेते, आणि हे आपल्या फायद्याचं आहे कारण पाच-दहा मिनिटं नुसतं शांत उभं राहिलं तर तलाव स्वतःच सांगतो की मासा कुठे आहे. व्हिडिओतला माणूस पंधरा हजाराचं मशीन लावून मासा शोधतो, आपल्याकडे कान आणि डोळे पुरतात.

लाईनवर येऊ. तीन प्रकार. मोनो म्हणजे साधी नायलॉन, ताणते, स्वस्त, गाठ सहज बसते. फ्लोरोकार्बन पाण्यात कमी दिसते, बुडते, घासायला चिवट, पण कडक असते आणि गाठीच्या बाबतीत नखरेल. ब्रेड म्हणजे विणलेली, जाडीच्या मानाने प्रचंड ताकद आणि ताण अजिबात नाही, त्यामुळे लांबवर मासा लागला तरी हाताला लगेच कळतं आणि झटका थेट हुकापर्यंत जातो. वेलीत फ्रॉग टाकायचा तर ब्रेडच घ्या, ३० ते ४० पौंडाची, १३ ते १८ किलो ताकद म्हणजे. इतका मासा कुठे आहे असं वाटेल, पण ती ताकद माशासाठी कमी आणि माशासकट बाहेर येणाऱ्या दोन किलो जलकुंभीसाठी जास्त लागते. ब्रेडच्या पुढे हात-दीड हात लीडर, म्हणजे हुकाआधीचा जाड लाईनीचा तुकडा, लावा, ३० ते ४० पौंडाचा जाड मोनो किंवा फ्लोरो. बासवाले फ्रॉगला लीडर न लावता थेट ब्रेड बांधतात, त्यांचं बरोबर आहे, पण आपल्याकडे दात आहेत. आणि स्वस्त ब्रेडच्या रिळावर छापलेल्या पौंडांवर जाऊ नका, बरेचदा फुगवलेले असतात, मिलिमीटरमधली जाडी बघा आणि विकत घेतल्यावर घरी लगेज वाला काटा लावून एकदा ओढून बघा.

स्पूलवर, म्हणजे रीलच्या लाईन गुंडाळायच्या चाकावर, ब्रेड थेट गुंडाळली की ती गोल गोल घसरते, रील फिरतं, ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा लाईन अडवत सोडणारा रीलचा ब्रेक) लागलाय असं वाटतं आणि मासा जातो. म्हणून खाली आधी दहा-पंधरा वेढे साध्या मोनोचे द्या किंवा इन्सुलेशन टेपचा एक तुकडा लावा. स्पूलच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर जागा सोडून थांबा, गच्च भरलं तर वेटोळीच्या वेटोळी बाहेर पडतात.

आता गाठी. दुनियेत शेकडो आहेत, सुरुवातीला तीन पुरतात.

पहिली पालोमार, हुकाला किंवा फ्रॉगला बांधायची. ब्रेडवर हिच्यासारखी दुसरी नाही, मोनोवरही मस्त. लाईनचं टोक वीतभर दुमडून दुहेरी करा, तो दुहेरी फास हुकाच्या नेढ्यातून ओवा, मग त्या दुहेरी लाईनची साधी गाठ मारा, आपण धोतराला किंवा पिशवीला मारतो तशी, पण सैल ठेवा, हुक मधोमध लोंबकळत राहू दे. आता जो फास उरलाय तो पूर्ण हुकावरून खाली घाला, म्हणजे हुक फासातून पार झाला पाहिजे. थुंकीने ओलं करा आणि दोन्ही टोकं एकत्र धरून हळू ओढा. लाईनी एकमेकींवरून तिरप्या चढल्या असतील तर सोडा आणि परत मारा, त्याच जागी ती तुटेल. मोठ्या फ्रॉगला फास मोठा ठेवावा लागतो कारण अख्खा फ्रॉग त्यातून जातो, त्यात लाईन थोडी वाया जाते, जाऊ दे.

दुसरी युनी. नेढ्यातून टोक ओवून परत मूळ लाईनच्या बाजूने समांतर आणा, टोक मागे वळवून एक गोल करा, आणि टोक त्या गोलातून, दोन्ही लाईनींना धरून, पाच-सहा वेळा फिरवा. ब्रेड असेल तर सात-आठ. ओलं करा, टोक ओढून वेढे जवळ आणा, मग मूळ लाईन ओढली की गाठ सरकत नेढ्यावर जाऊन बसते. ही शिकायची कारण हीच गाठ दोनदा मारली की तिसरी येते, डबल युनी, ब्रेड आणि लीडर जोडायची. दोन्ही टोकं एकमेकांवर उलट्या दिशेने ठेवा, ब्रेडच्या टोकाने लीडरभोवती आठ वेढ्यांची युनी मारा, लीडरच्या टोकाने ब्रेडभोवती चार-पाच वेढ्यांची, मग दोन्ही मूळ लाईनी ओढा, दोन गाठी सरकत येऊन एकमेकींना टेकतात. एफजी नावाची गाठ याहून बारीक आणि जास्त मजबूत, गाईडमधून (रॉडवरच्या लाईनीच्या कड्यांतून) सुळकन जाते, पण वीसेक आडवेतिडवे वेढे ताण देऊन घालावे लागतात आणि वाऱ्यात, डास चावत असताना, तलावाच्या काठावर ते जमत नाही, निदान पहिल्या वर्षी नाही. लीडर छोटा ठेवला की जोडगाठ टोकाच्या गाईडच्या बाहेरच राहते, मग डबल युनीचा त्रास नाही.

आणि ती सगळ्यांना येणारी क्लिंच, पाच वेढे देऊन टोक खालच्या फटीतून घालायचं, ती साध्या मोनोवर ठीक आहे. ब्रेडवर ती सरकते. माझी कुरळी शेपटी तिचीच होती.

गाठ ओली करणं हे लोक सोडून देतात, मीही सोडलं होतं. कोरडी लाईन लाईनवर घासली की गरम होते आणि मोनो, फ्लोरो तिथेच कमजोर पडते, डोळ्याला काही दिसत नाही. ब्रेड जळण्यापेक्षा कोरडी नीट बसतच नाही, अर्धवट आवळली जाते आणि मग पहिल्या मोठ्या झटक्याला सरकते. गाठ बसली की हुक कशाला तरी अडकवून, हाताला रुमाल गुंडाळून, खरोखर जोर लावून ओढून बघा, सुटायची असेल तर घरीच सुटू दे. माझी भाची बारा वर्षांची आहे, तिला मी आधी पडद्याच्या जाड दोरीवर आणि मोठ्या चावीच्या रिंगवर पालोमार शिकवली, चार दिवसांनी ती टीव्ही बघता बघता न पाहता मारायला लागली, तेव्हा मग लाईन हातात दिली. तुम्हीही तसंच करा, पहाटे साडेपाचला अंधारात गाठ डोळ्यांनी नाही, बोटांनी मारायची असते.

रॉड. सुरुवात करणाऱ्याने बेटकास्टर घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात स्पूल स्वतः फिरतो, अंगठा चुकला की लाईनचं घरटं होतं आणि अर्धी सकाळ ते सोडवण्यात जाते. स्पिनिंग रील घ्या, २५०० किंवा ३००० नंबरचं, आणि रॉड साडेसहा ते सात फुटी. रॉडवर दोन शब्द लिहिलेले असतात ते समजून घ्या. पॉवर म्हणजे रॉड वाकायला किती जोर लागतो, मीडियम, मीडियम हेवी वगैरे. ॲक्शन म्हणजे वाकतो कुठून, फास्ट असेल तर फक्त टोकाकडून, स्लो असेल तर पार मुठीपर्यंत. मरळीला आणि वेलीतल्या बासला मीडियम हेवी आणि फास्ट, कारण झटका लगेच पोचला पाहिजे आणि मासा खाली घुसायच्या आत वर आला पाहिजे. मोकळ्या पाण्यात छोटे क्रँकबेट, म्हणजे माशाच्या आकाराची कडक खोटी आमिषं, ओढायचे असतील तर मीडियम पॉवर आणि जरा मऊ ॲक्शन बरं, नाहीतर ट्रेबल, म्हणजे तीन टोकांचे, हुक तोंडातून उपटून येतात. मुठीच्या वर ल्यूरचं, म्हणजे खोट्या आमिषाचं, वजनही छापलेलं असतं, ७ ते २१ ग्रॅम असं काहीतरी, तुमचा फ्रॉग बारा-पंधरा ग्रॅमचा असतो म्हणजे तो त्यात बसला पाहिजे. माझा इथला पहिला सेट रॉड, रील, लाईन धरून साडेतीन हजारात झाला होता आणि त्याने मी तीन वर्षं काढली. पैसे उरले तर हुकांवर घाला.

हुक नखावर तिरका टेकवून हलकाच ओढायचा, घसरला तर बोथट आणि अडकून ओरखडा काढला तर धार आहे. नवीन पाकिटातलेसुद्धा तपासा. रबरी फ्रॉगचे दोन हुक अंगाला फार चिकटून असतात, पकडीने ते बाहेर-वर अगदी एक-दोन मिलिमीटर वाकवा, जास्त वाकवले तर वेलीत अडकणार. पायाच्या झालरी लांब असतील तर थोड्या कापा, डाव्या पायाची उजवीपेक्षा किंचित मोठी ठेवली तर फ्रॉग डोलत डोलत चालतो. फ्रॉगच्या पोटात पाणी भरतं, दर पाच-सहा फेकींनंतर दाबून पाणी काढा. खरा बेडूक पकडून गळाला लावू नका, काही जण लावतात, मला ते पटत नाही आणि रबरी फ्रॉगने तेवढाच मासा लागतो.

फ्रॉग कसा चालवायचा यावर सगळं आहे. वेलीतल्या ज्या मोकळ्या भोकावर मासा असेल असं वाटतं त्या भोकात थेट टाकू नका, त्याच्या पलीकडे वेलीवर टाका, पडल्यावर तीन-चार सेकंद थांबा, मग टुक टुक करत ओढत आणा आणि भोकाच्या कडेला आला की थांबवा. थांबवा म्हणजे खरंच थांबवा, मनात दहा मोजा. नव्या माणसाचा हात थांबत नाही, त्याला वाटतं हलवलं नाही तर मासा कसा येणार, आणि मला तर जवळजवळ प्रत्येक चांगली मरळ फ्रॉग थांबलेला असताना लागलीये. पाणी फुटलं की लगेच झटका मारायचा नाही. हे सगळ्यात अवघड. फुटणं म्हणजे तोंडात घेणं नव्हे, बरेचदा तिने नुसती टक्कर दिलेली असते. रॉड खाली ठेवा, ढील संपवा, वजन हाताला लागलं की मग कंबरेतून जोरात वर. चुकलं तर फ्रॉग बाहेर काढू नका, तिथेच सोडा, ती परत येते.

बासची दुसरी मोठी पद्धत म्हणजे टेक्सस रिग, वजन आणि लपवलेल्या हुकाचं रबरी गांडूळ, आणि तळाशी लाकूड, दगड असतील तिथे ती आपल्याकडेही चालते. लाईनमध्ये आधी गोळीच्या आकाराचं पाच-सात ग्रॅमचं वजन ओवायचं, टोक पुढे, मग रुंद पोटाचा ऑफसेट हुक बांधायचा, ३/० वगैरे. रबरी गांडुळाच्या डोक्यात हुकाचं टोक अर्धा सेंटीमीटर घालून बाजूने बाहेर काढा, हुक फिरवून गांडूळ वर नेढ्यापर्यंत सरकवा, मग गांडूळ हुकाजवळ सरळ लोंबतंय तिथे मापून टोक परत अंगात घाला, टोक पलीकडच्या कातडीखाली लपलं पाहिजे. गांडूळ वाकडं बसलं तर फिरकीसारखं गरगरतं आणि लाईनला पीळ पडतो, म्हणून परत बसवा, आळस नको. टाकायचं, तळाला जाऊ द्यायचं, रॉडचं टोक घड्याळातल्या दहावरून अकरावर न्यायचं, परत ढील द्यायची. बासचा चावा बोटाला टक असा एकदाच लागतो, किंवा लाईन आपोआप बाजूला सरकायला लागते, म्हणून लाईनवर डोळा ठेवा.

पावसानंतर पाणी गढूळ असतं तेव्हा स्पिनरबेट हा फिरत्या पात्याचा ल्यूर वापरा, त्याचं पातं फिरताना पाण्यात थरथर होते आणि मासा न बघता येतो. बाकी डझनभर प्रकार आहेत पण दोन-तीन ल्यूर नीट चालवता आले तर वर्ष निघतं.

ड्रॅग मोकळ्या पाण्यात लाईनच्या ताकदीच्या चौथ्या हिश्शावर ठेवा, काट्याने ओढून लावा, अंदाजाने नको. वेलीत फ्रॉग असेल तर जवळजवळ बंद. आणि बेल, म्हणजे रीलवरची लाईन धरणारी तारेची कमान, हाताने पाडायची, हँडल फिरवून नाही, लाईनला पीळ कमी पडतो.

कुठे आणि कधी, हे गाठीइतकंच महत्त्वाचं. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट माशांचा प्रजननाचा काळ म्हणून मासेमारी बंद असते, त्या दोन महिन्यांत रॉड घरी ठेवा. तलाव बहुतेक ठेक्यावर दिलेले असतात, मच्छीमार समितीला किंवा ठेकेदाराला विचारल्याशिवाय टाकू नका, विचारलं तर बहुतेक हो म्हणतात. एकदा मी एका काठावर उभा होतो तर पलीकडून आवाज आला, भिया, कांटा उधर मत डालना, सिंघाड़े लगे हैं, आणि तो काका स्वतः फिरून येऊन दाखवून गेला की कुठल्या बाजूला टाक. शिंगाड्याची वेल म्हणजे कोणाचं तरी पीक असतं, त्यातून फ्रॉग ओढायचा नाही. इंदूरचे सिरपूर आणि यशवंत सागर दोन्ही तलाव २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आहेत, तिथे हजारो पक्षी उतरतात, मी तिथे दुर्बीण घेऊन जातो, रॉड नाही. आणि नर्मदेच्या घाटांवर, महेश्वरला, ओंकारेश्वरला लोक माशांना कणकेच्या गोळ्या खाऊ घालतात, तिथे गळ टाकायचा विचारसुद्धा नको. नर्मदेत बाडस म्हणजे महाशीर आहे, आपल्या राज्याचा मासा, फार कमी उरलाय, चुकून लागला तर पाण्यातच सोडवा.

ऐन थंडीत, डिसेंबर-जानेवारीत, मरळ मंद असते, फेब्रुवारीच्या शेवटापासून जूनपर्यंत आणि मग ऑक्टोबरात पाणी निवळल्यावर मजा येते. पाण्यावर लालसर नारिंगी रंगाचा, उकळल्यासारखा हलणारा पिल्लांचा घोळका दिसला तर खाली आई-बाप दोघं राखण करत असतात. त्यावर ल्यूर टाकला तर मरळ हमखास येते, रागाने येते, आणि तिला उचललं की ती शेकडो पिल्लं बाकीच्या माशांचं खाणं होतात. लाईन गुंडाळा आणि दुसऱ्या काठाला जा.

मासा हातात घेण्याआधी हात ओले करा, लिप ग्रिप (जबडा धरायचा चिमटा) आणि लांब पकड जवळ ठेवा, हुकाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून टाकला असेल तर सोडवायला दहा सेकंद लागतात. कापलेल्या लाईनचे तुकडे जुन्या बाटलीत घालून घरी आणा, बगळ्याच्या पायात अडकलेला मोनो मी बघितलाय आणि परत बघायचा नाहीये.

घरी आल्यावर ड्रॅग ढिला करा, रॉड ओल्या फडक्याने पुसा, लीडरवरून बोट फिरवा, कुठे खरबरीत लागलं तर कापून टाका. दात लागून गेलेली गाठ दुसऱ्या दिवशी वापरायची नाही, कितीही चांगली दिसली तरी. मी रात्रीच कापतो आणि सकाळी निघायच्या आधी, चहा उकळत असताना, नवीन पालोमार मारून ठेवतो.